शिट्टीसर आणि मालकीणबाईंच्या गोळ्या

नाक्यावरच्या सलूनवाल्यांना सगळी गल्ली 'मालक' म्हणायची. दुकानात खुर्च्या दोन, आरसे दोन आणि कामाला माणूस एकच, ते स्वतः. म्हणजे मालकही तेच आणि नोकरही तेच. दुसरी खुर्ची वाट पाहणाऱ्यांनी पेपर वाचायला ठेवलेली. दुकानाच्या मागून एक अरुंद जिना वर जायचा. वरच्या दोन खोल्यांत मालक आणि त्यांची बायको राहायचे. बायकोला अर्थातच सगळे 'मालकीणबाई' म्हणायचे. एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती आणि रविवारी फोन करायची.

मालकीणबाई शिवणकारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होत्या. हात इतका चालायचा, की बोलताना समोरच्याच्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण त्यांना आधी दिसायचं आणि तोंड नंतर. मालकांना त्यांचा अभिमान होता. कारखान्यात पुरुषही होते, बायको कधी उशिरा यायची, पण मालकांनी कधी 'कुठे होतीस' विचारलं नाही. मत्सर हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं ते गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता सांगायचे. तसं पाहिलं तर ते खरंही होतं, कारण त्यांच्यावर तशी वेळच आली नव्हती.

मग मालकीणबाईंचं पोट बिघडलं. आधी जळजळ, मग जेवण नकोसं, मग एके दिवशी मशीनवरच भोवळ आली. तपासण्या झाल्या. पोटातली जखम फार जुनी आणि फार खोल निघाली, आणि डॉक्टरांनी जठराचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकला. ऑपरेशन नीट पार पडलं. घरी सोडायच्या दिवशी नर्सबाईंनी दोघांना समोर बसवून औषधं समजावली. कॅप्सूल सकाळी खाण्याआधी. रक्तदाबाची गोळी दुपारच्या आत. जीवनसत्त्वाची मोठी गोळी संध्याकाळी. सगळं एकदम गिळायचं नाही, पाणी घोट घोट प्यायचं, ग्लासभर ढोसायचं नाही. डोकं दुखलं, गुडघा दुखला, तरी मनाने दुकानातून वेदनाशामक आणायची नाही. आणि रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट हातात धरून त्या म्हणाल्या, "ही फोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. ही हळूहळू विरघळते. कुटली तर दिवसभराचं औषध एका झटक्यात अंगात जाईल."

मालक तेव्हा फोनवर गाडीवाल्याला दवाखान्याचं फाटक समजावत होते. पण त्यांनी ऐकलं होतं. मान डोलावलेली त्यांना पुढे चांगली आठवत होती.

घरी आल्यावर खरा गोंधळ सुरू झाला. मालकीणबाईंना गोळी गिळताच येईना. जिभेवर ठेवली की घसा आवळायचा. पाणी घेतलं की पाणी जायचं आणि गोळी तोंडातच राहायची, कडू होत. ढकललीच, तर छातीच्या हाडामागे अडकून बसल्यासारखी वाटायची आणि उमासा यायचा. डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहून सांगितलं, की आत कुठेही अडथळा नाही, ही भीती आहे, जाईल. पण 'जाईल' म्हणणाऱ्याला कुठे गिळायची असते?

मालक ग्लास भरून समोर उभे राहायचे. "अगं, टाक आणि गटकन पी. लहान मुलं घेतात."

"गटकन प्यायचं नाही म्हणालीय ती नर्स."

"मग हळू पी, पण पी. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"तुम्ही समोर उभे राहिलात की जास्तच होत नाही माझ्याच्यानं."

मालक पाठ करून उभे राहायचे. मागून थोड्या वेळाने आवाज यायचा, "गेली." मालक सुटकेचा श्वास टाकून खाली पळायचे.

गोळ्या जात नव्हत्याच. हे कळलं ते एका सकाळी मालकांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तेव्हा. बायकोला उठवायला नको म्हणून त्यांनी स्वतःच बटणांचा डबा उघडला. बटणांत हात घातला तर पांढरी, गोल, भोक नसलेली बटणं हाताला लागली. मालकांनी ती तळहातावर घेऊन उजेडात धरली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. काही तोंडात जाऊन आल्यामुळे खडबडीत झालेल्या.

"हे काय?" त्यांनी पलंगाशी जाऊन विचारलं.

मालकीणबाईंनी तळहाताकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "ओरडू नका. टाके ओढतात."

ओरडायला मालकांच्या अंगात जोरच राहिला नव्हता. इतकी वर्षं संसार केला आणि बायको आपल्याला चुकवून गोळ्या डब्यात टाकते, हे त्यांना गोळ्या न घेण्यापेक्षाही जास्त लागलं.

त्याच आठवड्यात शिट्टीसर केस कापायला आले. सर शाळेत कवायत आणि खेळ शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. मागच्या गल्लीत एका खोलीत एकटेच राहायचे, बायको जाऊनही जमाना झाला होता. शरीर वेतासारखं, पाठ ताठ, आणि कात्री लावावी इतके केस अजून डोक्यावर. मालकांनी नेहमीप्रमाणे टॉवेल गुंडाळला आणि नेहमीप्रमाणे मनातलं सगळं ओकून मोकळे झाले.

सरांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "वहिनींचं किती काढलं?"

"अर्ध्याहून जास्त."

"माझंही तेवढंच काढलंय," सर म्हणाले आणि त्यांनी टॉवेल बाजूला करून सदरा वर केला. छातीच्या मध्यापासून बेंबीपर्यंत सरळ, फिकट, जुनी रेघ होती.

इतकी वर्षं या माणसाचं डोकं आपल्या हातात येतं आणि पोटाचा पत्ता नाही, याचं मालकांना नवल वाटलं. आणि पुढचं वाक्य मालकच बोलले. पुढे कितीतरी वेळा त्यांनी त्या वाक्याबद्दल स्वतःला शिव्या घातल्या. "सर, मग जरा वर येता का? तुमचं ऐकेल ती."

सर वर गेले. त्यांनी मालकीणबाईंना खुर्चीत ताठ बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले. गोळीचं नावच काढलं नाही. आधी एक छोटा घोट, नुसता घसा ओला करायला. मग पावाचा मऊ चुरा, मुगाच्या दाण्याएवढा. मग थोडा मोठा. गप्पा चालूच. मग कॅप्सूल.

"कॅप्सूल हलकी असते वहिनी, पाण्यावर तरंगते. आपण मान मागे टाकतो, म्हणून ती पुढे दातांशी येते. मान खाली घाला. हनुवटी छातीकडे. आता गिळा."

मालकीणबाईंनी मान खाली घातली आणि गिळलं. वर पाहिलं तेव्हा तोंड रिकामं होतं. त्यांनी जीभ फिरवून खात्री केली.

सरांनी शिट्टी ओठांत धरून अगदी हळू फुंकली. चिमणीएवढा आवाज झाला. आणि मालकीणबाई हसल्या. पोटाला हात लावून, जपून, पण हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मालक दारात उभे होते. त्यांनीही हसायला हवं होतं. ते हसलेही. पण आत कुठेतरी बारीक काटा रुतला. दिवसभर लोकांना 'मान खाली, मान खाली' म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या बायकोने मान खाली घातली ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

तेव्हापासून सर रोज सकाळी यायला लागले. कॅप्सूल झाली की थोड्या वेळाने दोघं मिळून खायचे. मालकीणबाईंना दिवसातून पुष्कळ वेळा थोडं थोडं खावं लागायचं, आणि सरांचीही तीच रीत. वाटीभर सूप, नाहीतर कुस्करलेला बटाटा, नाहीतर अर्धं उकडलेलं अंडं. घास चावून चावून पाण्यासारखा करायचा, पाणी मात्र जेवताना नाही, नंतर. मालक मध्येच वर आले, की त्यांना तिथे एक वेगळीच भाषा ऐकू यायची.

"काल गोड खाल्लं थोडंसं," मालकीणबाई सांगायच्या. "लगेच घाम, धडधड. वाटलं, आता आडवी होते."

"हां, ते तसंच होतं. सगळं एकदम खाली घसरतं ना. मी एकदा लग्नात खीर खाल्ली आणि नवरदेवाच्याच खुर्चीत जाऊन बसलो."

"अगंबाई. मग?"

"मग काय, नवरदेव उभा."

दोघं हसायचे. मालक नुसते उभे. त्यांचं पोट अख्खं होतं. त्यांना खीर पचत होती. या हसण्यात शिरायला त्यांच्याकडे काही नव्हतं. दुपारी ते आपलं भरलेलं ताट घेऊन बसले, की त्यांना ते ताट एखाद्या अपराधासारखं वाटायचं.

ऑपरेशन मालकीणबाईंच्या पोटाचं झालं होतं, पण पोटात दुखायला लागलं मालकांच्या. आणि ते दुखणं कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगणार तरी काय? म्हातारा येतो, बायकोला गोळी देतो, वाटीभर सूप पितो आणि जातो. दार सताड उघडं असतं. वर ते स्वतःच त्याला घेऊन आलेले. तो 'वहिनी' म्हणतो. 'ताई' म्हणाला असता तर निम्मं दुखणं कमी झालं असतं, असं मालकांना वाटायचं. मग आपल्यालाच असं वाटतं याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की सरांचा राग आणखी यायचा.

दुकानाचं छत म्हणजे वरच्या खोलीची जमीन. मालक कात्री चालवता चालवता कान वर लावून बसायचे. खुर्ची सरकली. ती उठली असेल. एवढा वेळ शांतता कशाची? मग चिमणीएवढी शिट्टी वाजायची, आणि मालकांच्या हातातली कात्री थांबायची. एका गिऱ्हाइकाचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा बोटभर वर गेला. गिऱ्हाईक आरशात पाहून म्हणालं, "मालक, माझं डोकं वाकडं आहे की तुमचं?"

घरात तर 'सर म्हणतात'चा पाऊसच पडायचा. सर म्हणतात, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. सर म्हणतात, वजन इतकं उतरतंच सुरुवातीला. सर म्हणतात, रागावून चावलेला घास बाधतो.

"मीही तेच म्हणत होतो," मालक एकदा म्हणाले.

"तुम्ही गटकन म्हणत होतात."

मालकांनी एका दुपारी दुकान जरा लवकर बंद करून स्वतःचे केस काळे केले. मिशा कोरल्या. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं सुगंधी पाणी मानेला चोळलं आणि वर गेले. मालकीणबाईंनी नाक मुरडलं. "कुणाचं लग्न आहे? त्या वासानं मळमळतंय हो मला. धुऊन या आधी."

आणि मग सरांचा केस कापायचा दिवस आला.

मालकांनी त्यांच्या कारकिर्दीत असं काम कधी केलं नव्हतं. मुद्दाम. त्यांनी सरांच्या डोक्याचा मागचा भाग इतका बारीक केला, की टाळूवरचे केस मोरीच्या ब्रशासारखे उभे राहिले. कानांवर दोन झुलपं ठेवली. दाखवायचा आरसा मागे धरलाच नाही. सर बिचारे मानेवरचे केस झटकत उठले, आभार मानले आणि जिना चढून वर गेले. मालक खाली कान टवकारून उभे. आता ती हसेल. आता तिला दिसेल, हा कसा दिसतो ते.

वरून मालकीणबाईंचा आवाज आला, "अय्या सर, किती तरुण दिसताय. आमच्या मालकांनी मनावर घेऊन कापलेत हो."

मालकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर त्यांच्या बहिणीकडे गेले. तिला बरं नव्हतं, आठवडाभर तरी परतणार नव्हते. निरोप द्यायला आले तेव्हा मालकांनी त्यांना दारापर्यंत पोहोचवलं, हात हातात घेतला, सावकाश या म्हणाले. दुसऱ्याच्या बहिणीच्या तब्येतीची इतकी कळकळ त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मालक ग्लास घेऊन हजर. मालकीणबाईंनी कॅप्सूल घेतली, मान खाली घातली, गिळली. मालक म्हणाले, "शाब्बास." त्यांना स्वतःलाच ते पोकळ वाटलं. शिट्टी त्यांच्याकडे नव्हती.

रक्तदाबाच्या गोळीला वेळ लागायचा. ती जरा मोठी होती आणि तिची धास्ती अजून पुरती गेली नव्हती. मालकीणबाई ती हातात घेऊन बसायच्या, घोट घ्यायच्या, पावाचा तुकडा चावायच्या, पुन्हा घोट घ्यायच्या.

"झालं का?"

"जाईल हळूहळू. सर म्हणतात, घाई केली की घसा रुसतो."

"सर इथे नाहीत."

"म्हणून काय झालं? सांगितलेलं आहे ना."

असे दोन-तीन दिवस गेले. मालक समोर, आणि समोर नसलेला माणूस खोलीभर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मालकीणबाई गोळी हातात घेऊन खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "आज काही केल्या होत नाहीये. सर आले की बरं होईल."

मालकांनी बायकोच्या हातातून गोळी घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर गोळी ठेवून तिच्यावर चमचा दाबला. ती फुटली तेव्हा झालेला आवाज त्यांना आवडला. तिचं पीठ होईपर्यंत त्यांनी घोटलं, मग अर्धं केळं कुस्करून त्यात मिसळलं. नर्सबाईंचा पाकीट धरलेला हात त्यांच्या डोळ्यांसमोर आला, नाही असं नाही. पण त्या मागोमाग आला तो शिट्टी धरलेला हात, आणि मालकांनी चमचा भरला.

"हे घे. आता गिळायला काही नाहीच."

मालकीणबाईंनी वाटीत पाहिलं. "ती नर्स म्हणाली होती ना, ही फोडायची नाही म्हणून?"

"मी विचारून आलोय औषधाच्या दुकानात. चालतं म्हणाले."

मालकांनी औषधाच्या दुकानाचं तोंडही पाहिलं नव्हतं. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तोंड उघडलं. मालकांनी भरवलं. चार-पाच चमच्यांत वाटी संपली. ना उमासा, ना ठसका.

"किती सोपं गेलं," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. "आधी का नाही सुचलं हो आपल्याला?"

त्या दिवशी मालक शीळ घालत जिना उतरले. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी न मागता डोक्याचं मालीश करून दिलं. सगळ्या गल्लीला सांगावं, असं त्यांना वाटत होतं. काय सांगायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

गिऱ्हाइकाच्या मानेवरून कात्री फिरवत असताना वर काहीतरी आदळलं. खुर्ची नव्हती ती. खुर्चीचा आवाज मालकांना आता पाठ झाला होता.

मालकीणबाई मोरीच्या दाराशी पडल्या होत्या. चेहरा राखेसारखा, हात गार, ओठांवर घाम. डोळे उघडे होते, पण नजर ठरत नव्हती. "उठले... आणि सगळं काळं झालं," त्या पुटपुटल्या. मालकांनी त्यांना उठवून बसवायला पाहिलं तर पुन्हा मान टाकली. मागोमाग धावत आलेल्या गिऱ्हाइकानेच गाडी आणली. अर्धे केस कापलेले, गळ्यात टॉवेल, अशा अवस्थेत तो माणूस दवाखान्यापर्यंत सोबत आला.

तिथे त्याच नर्सबाई होत्या. त्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला, पाय उंच करून झोपवलं, सलाईन लावलं, डॉक्टरांना बोलावलं. मग मालकांकडे वळल्या. "आज औषधात काही वेगळं झालं का?"

"नाही. नेहमीचंच."

"उलटी? जुलाब? काही गोड खाल्लं?"

"नाही."

नर्सबाई पुन्हा दाब मोजायला वाकल्या. यंत्राचा पट्टा मालकीणबाईंच्या दंडावर फुगला. तो दंड केवढा बारीक झालाय, हे मालकांच्या आत्ता लक्षात आलं. "मी कुटली," ते म्हणाले. "ती गोळी. केळ्यात कालवून दिली."

नर्सबाईंनी मान वर केली. "तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

"ऐकलं होतं तुम्ही?"

"हो."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांना सांगायला गेल्या. बोलल्या असत्या तर मालकांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत दाब वर आला, चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण आजची रात्र इथेच राहू दे. मालक पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले होते. मालकीणबाईंचे डोळे मिटलेले, पण त्या झोपल्या नव्हत्या.

"औषधाच्या दुकानात नव्हता गेलात तुम्ही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"नाही."

"मला वाटलंच होतं. तुम्ही खोटं बोलता तेव्हा घाईत बोलता. तरी घेतलं मी."

"का?"

"तुम्ही भरवत होतात म्हणून."

मालकांना वर बघवेना. पलंगाच्या लोखंडी दांडीवरचा रंग नखाने खरवडत ते म्हणाले, "मला त्याचं येणं बघवत नाही. तू हसतेस त्याच्यासमोर. माझ्यासमोर गोळ्या डब्यात टाकतेस."

मालकीणबाईंनी डोळे उघडले. बराच वेळ त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. काळे केलेले केस मुळाशी पांढरे व्हायला लागले होते.

"म्हणून केस रंगवलेत?"

मालकांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि त्यांचं डोकं ब्रशासारखं केलंत, तेही म्हणूनच?"

"तू तर छान म्हणालीस."

"मग काय म्हणू? तोंडावर सांगू, की आमच्या मालकांनी तुमची वाट लावली?" त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू आलं नाही. आवाज पुन्हा कोरडा झाला. "ऐका. सर आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, वहिनी, नक्की कुठे अडकल्यासारखं वाटतं? तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही ग्लास धरून उभे. गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणे. मला मेली भीती वाटायची, की आतला टाका सुटेल. एवढंसं पोट राहिलंय, त्यात एवढी गोळी जाऊन पडेल कुठे? हे कुणाला सांगू?"

मालकांचं नख दांडीवर थांबलं. त्यांनी विचारलं, "कुठे अडकल्यासारखं वाटतं?"

"आता विचारताय."

"आता विचारतोय."

मालकीणबाईंनी छातीच्या हाडावर बोट ठेवलं, मग जरा खाली, आणि सांगायला लागल्या. पुष्कळ वेळ सांगितलं. मालकांना त्यातलं बरंच कळलं नाही. पण त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या धंद्यातल्या माणसाला सोपं नव्हतं.

घरी आल्यावर मालकीणबाईंनी दोन गोष्टी सांगून टाकल्या. सर परत आले की पूर्वीसारखेच येतील. आणि तुम्ही पुन्हा माझ्याशी औषधाबद्दल खोटं बोललात, तर मी लेकीकडे जाऊन राहीन. मालकांनी दोन्ही मान्य केलं. दुसरं मनापासून, पहिलं जड जिवाने.

सर परत आले. घडलेलं मालकांनीच त्यांना सांगितलं, खुर्चीत बसवून, ब्रशासारखे केस सारखे करता करता. सरांचा चेहरा आरशात गंभीर झाला. "फार वाईट झालं असतं मालक."

"हो."

"माझ्यामुळे कुटलीत?"

मालकांची कात्री थांबली. "तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. पण तुमचं नाव होतं त्यात."

सरांनी मांडीवर पडलेले केस झटकले. मग म्हणाले, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा घरात कुणी नव्हतं. गोळी गेली की शिट्टी वाजवायचो, ती स्वतःसाठीच. नाहीतर गेली हे कुणाला सांगणार? तुमच्याकडे येतो तेव्हा वाटीभर सूप पोटात जातं, ते एकट्याने जात नाही. तुम्हाला नको असेल तर नाही येणार."

मालकांनी उरलेले केस कापले. या खेपेला मागे आरसा धरला, दोन्ही बाजूंनी दाखवलं. "या," ते म्हणाले. "पण मीही येऊन बसणार."

ते बसायला लागले. सकाळी दुकानाला थोडा वेळ कुलूप. तिघं टेबलाशी. मालकांना काट्याने टोचल्यासारखं अजूनही व्हायचं, खोटं कशाला बोला. खीर, घाम, धडधड यांच्या गप्पा सुरू झाल्या, की ते पाहुण्यासारखे व्हायचे. पण आता ते विचारायचे. कधी चुकीचं विचारायचे, मग दोघं त्यांना हसायचे, आणि मालकांचा चेहरा पडला की मालकीणबाई टेबलाखालून पायाला पाय लावायच्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, वजन उतरल्यामुळे आता रक्तदाबाचं एवढं औषध लागत नाही. त्यांनी ती मोठी गोळी बंद करून साधी, बारीक गोळी दिली. जीवनसत्त्वाची गोळी चघळायची मिळाली, आणि अधूनमधून एक इंजेक्शन. मालकीणबाई हळूहळू कारखान्यात परतल्या. त्या आता मशीनवर बसूनच, दोन सदऱ्यांच्या मधे, गोळी तोंडात टाकायच्या, घोट घ्यायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या. कुणी समोर नको आणि शिट्टीही नको.

सकाळच्या त्या वेळी सर सवयीने यायचे. वर कुणी नसायचं. मग ते दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीत बसून आपलं अर्धं अंडं चावायचे आणि मालक पेपर वाचून दाखवायचे. दोघांनाही करायला काही उरलं नव्हतं, आणि दोघंही ते एकमेकांना बोलून दाखवत नव्हते.

एका संध्याकाळी मालकीणबाई कारखान्यातून आल्या त्या घाईतच. हातपाय धुतले, पावाचा लहानसा तुकडा रुमालात बांधला आणि खाली दुकानात आल्या.

"कुठे निघालीस?"

"बाजूच्या मशीनवरची मुलगी आहे ना, तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय. माझ्यासारखंच. गोळी घशाखाली उतरत नाही म्हणे, सगळ्या घराला वेठीस धरलंय. म्हटलं, येते दाखवून."

मालकांनी वस्तरा खाली ठेवला. "वय काय त्यांचं?"

"असतील सत्तरीचे."

"बायको आहे?"

मालकीणबाईंनी रुमालाची गाठ घट्ट केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "नाही. आणि केस अजून काळे आहेत म्हणे."

मालकांनी गळ्यातला टॉवेल काढून खुंटीला अडकवला, दुकानाचं शटर ओढलं, कुलूप घातलं. "चल," ते म्हणाले. "दाढी वाढली असेल त्यांची. दवाखान्यात कोण करून देणार होतं. मी करून देतो."

रस्त्याने चालताना मालकीणबाई पुढे होत्या. पोट हलू नये म्हणून त्या अजून जपूनच पावलं टाकायच्या. मालक मागून हातात वस्तऱ्याची पेटी घेऊन चालले होते, आणि सारखे विचारत होते, की त्या घरात आणखी कोण कोण असतं.